एक फडताळ, १६ कुलुपे

एकाच फडताळाच्या एकाच खणात दोघा कारकुनांनी एकदम चिठ्ठी सारली, तर एखादी हरवायचीच! संगणकातही तसेच घडते. आणि हरवलेली चिठ्ठी कुणाच्या तरी पैशांची असते. जावा या संगणकभाषेत १९९६ साली असे नोंदींचे फडताळ आले. पण कुलूप एकच! एकजण आत, बाकीचे दारात तिष्ठत. २००४ मध्ये डग ली यांच्या रचनेने सहसा १६ कप्पे केले, प्रत्येकाला निराळे कुलूप. नुसत्या वाचणाऱ्याला तर बहुधा कुलपाची गरजच नाही. २०१४ मध्ये कुलूप एकेका खणापुरते उरले. जेथे हात घालायचा, तेवढेच अडवावे! एकत्र कुटुंबातही हे शहाणपण उपयोगी पडणार नाही काय?