इंजिनाविना 76,124 फूट

पॉल बिकल या अमेरिकन वैमानिकाने 1961 साली कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतालगत ग्लायडर 46,267 फुटांवर नेलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, केबिन साधी, दाब राखण्याची सोय नाही. त्यानंतर तब्बल 45 वर्षांत हा विक्रम जेमतेम साडेचार हजार फुटांनी सरकला आणि 2006मध्ये 50,722 फुटांवर आला. मग पुढच्या 12 वर्षांत मात्र तो एकदम 25 हजार फुटांनी उडाला. 2 सप्टेंबर 2018 रोजी आर्जेन्टिनात एल कालाफातेच्या आकाशात जिम पेन आणि टिम गार्डनर यांचं ‘पर्लन 2’ हे ग्लायडर हवेच्या दाबावरून मोजलेल्या 76,124 फूट उंचीवर पोहोचलं. यू-2 या जेट इंजिनाच्या हेरविमानाचा 1989मधला विक्रम 73,737 फुटांचा आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे या आकड्याचं वजन कळतं.

इतकी वर्षं घोडं अडलं होतं कुठे? यंत्रात थोडंफार, पण मुख्यतः हवेच्या आकलनात.

ग्लायडर भोवतालच्या हवेतून सतत खालीच घसरत असतं. ते वर जातं, कारण ती हवाच त्याहून जास्त वेगाने वर चढत असते. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून उठणारे ऊर्ध्वप्रवाह ग्लायडरला काही हजार फूट नेतात आणि तिथे त्यांचा दम संपतो. त्यापलीकडे जायचं तर पर्वत लागतो. ओढ्यात पाण्याखाली मोठा धोंडा असला की त्याच्या पुढे पाण्याला एक उंचवटा येतो. पाणी वाहत राहतं, उंचवटा जागचा हलत नाही. पर्वतरांगेवरून आडवा, जोरकस वारा आला की हवेतही अशाच लाटा उभ्या राहतात. 1933 साली जर्मन ग्लायडरपटूंना त्यांचा शोध लागला. वैमानिक लाटेच्या चढत्या अंगावर वाऱ्याकडे तोंड करून थांबतो. विमान हवेतून वेगाने पुढे जात असतं, पण जमिनीवरून पाहणाऱ्याला ते एकाच जागी टांगल्यासारखं वर सरकताना दिसेल.

या लाटांच्या पोटाशी एक गरगरता, विध्वंसक पट्टा असतो. 1955मध्ये सिएरा नेवाडाच्या अशाच पट्ट्यात लॅरी एडगर यांच्या ग्लायडरचे हवेतच तुकडे झाले. पॅराशूटमुळे ते वाचले.

लाट वर चढायची तर वाराही उंचीबरोबर वाढत जावा लागतो. बहुतेक ठिकाणी तपांबर हा हवेचा खालचा थर संपून त्यावरचं स्थितांबर सुरू झालं की वारा मंदावतो आणि लाटही क्षीण होते. आपल्या सह्याद्रीवरची लाट तर तिथवरही पोहोचत नाही. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा घाटावर धडकून लाटा उठवतो. त्यांचं गणित आर. पी. सरकार या हवामानशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात मांडलंही. पण सहा-सात किलोमीटरच्या वर वाऱ्याची दिशाच उलटते, पूर्वेचे वारे सुरू होतात आणि मधल्या शांत थरात लाट जिरून जाते. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरून कितीही निष्णात वैमानिक उडाला, तरी सह्याद्री त्याला स्थितांबरात नेणार नाही.

एइनार एनेव्होल्डसन हे नासाचे माजी चाचणी वैमानिक. 1992मध्ये जर्मनीत त्यांच्या पाहण्यात लायडारने, म्हणजे लेसरच्या साहाय्याने, टिपलेल्या प्रतिमा आल्या. उत्तर स्वीडनमधल्या पर्वतांवरच्या लाटा त्यांत थेट स्थितांबरात चढलेल्या दिसत होत्या. कारण हिवाळ्यात ध्रुवाभोवती स्थितांबरात वाऱ्याचा प्रचंड भोवरा फिरतो. त्याच्या कडेला वारा मंदावण्याऐवजी उंचीबरोबर वाढतच जातो. अशा कडेखाली उंच पर्वत असला, की शिडी तयार. दक्षिण गोलार्धात पॅटागोनियातला अँडीज नेमका तिथे उभा आहे, आणि ऑगस्ट-सप्टेंबर हा तिथला हंगाम. माझ्या मते विक्रम खरा त्या प्रतिमांपाशी मोडला. विमान नंतर आलं.

2006चा विक्रम एनेव्होल्डसन यांनी स्टीव्ह फॉसेट या धाडसी उद्योगपतीबरोबर केला, तोही साध्या ग्लायडरमध्ये फेरफार करून. केबिनमध्ये दाब नव्हता, म्हणून दोघांच्या अंगात अंतराळवीरांसारखे प्रेशर सूट होते. उंचीवर हे सूट इतके फुगले की चिंचोळ्या कॉकपिटमध्ये हातपाय हलवणं कठीण झालं. लाट अजून वर चाललेली आणि वैमानिकांना मात्र परत फिरावं लागलं!

म्हणून ‘पर्लन 2’ची केबिनच हवाबंद केली. साधारण 63 हजार फुटांवर दाब इतका उतरतो की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळू लागतं. तिथे केबिन फुटली तर वाचण्याची आशा फार थोडी. खिडक्या जहाजासारख्या, छोट्या आणि गोल. मोठी काच दाबाला टिकली नसती. इंजिन नाही म्हणून बाहेरची विरळ हवा दाबून आत घेणंही नाही. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड रसायनात शोषून, ऑक्सिजनची भर घालून तीच हवा पुन्हा वापरायची.

त्याहून अवघड वेगाचं प्रकरण. 76 हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या चार टक्क्यांच्या आसपास असते. काट्यावर ताशी 90 किलोमीटर दिसत असताना विमान प्रत्यक्षात चारशेहून अधिक वेगाने जात असतं. वेग थोडा कमी झाला तर पंखांचा आधार सुटतो, थोडा वाढला तर पंख थरथरून मोडण्याची भीती. जितकं वर जावं तितकी ही मधली फट अरुंद होत जाते.

2018मध्ये पेन आणि गार्डनर यांना ओढून नेणारं ग्रोब एग्रेट विमानही खास उंचीसाठी बनवलेलं होतं. त्याने 40 हजार फुटांच्या वर दोर सोडला, म्हणजे बिकलच्या विक्रमाजवळूनच यांची खरी सुरुवात झाली. कुणी याला लबाडी म्हणेल. मला ती शुद्ध व्यवहारबुद्धी वाटते. खालचा टप्पा ओढून घेतल्याने लाटेतला वेळ वरच्या चढाईला मिळाला.

हा सगळा खटाटोप नुसत्या आकड्यासाठी नाही. या लाटा खालची ऊर्जा वरच्या वातावरणात पोहोचवतात, फुटतात तेव्हा तिथले वारे मंदावतात, आणि हवामानाच्या संगणकीय प्रारूपांमध्ये त्यांचा हिशेब अजूनही ढोबळच असतो. इंजिनाचा धूर न सोडणारं ग्लायडर तिथे मोजमापासाठी फार सोयीचं. ‘पर्लन 2’ची रचना 90 हजार फुटांसाठी केलेली आहे. एनेव्होल्डसन यांचं 2021मध्ये निधन झालं, आणि तोवर तरी त्या उंचीवर ‘पर्लन 2’ पोहोचलं नव्हतं.