चारदीवारीचे पाणी : आत येणारे आणि बाहेर जाणारे

जयपूरच्या चारदीवारीत फिरणारा पर्यटक वर पाहत चालतो. झरोके, जाळ्या, गुलाबी भिंती न्याहाळतो. या नगराची खरी हुशारी मात्र पायांखाली आहे. १८ नोव्हेंबर १७२७ रोजी सवाई जयसिंहांनी नगराची पायाभरणी केली. विद्याधर भट्टाचार्य यांच्या साहाय्याने आखलेल्या या नगरात सूरजपोल ते चांदपोल हा मुख्य रस्ता जमिनीच्या उंच कण्यावरून नेण्यात आला. त्यामुळे पावसाचे पाणी रस्त्यावर न तुंबता दोन्ही बाजूंच्या उताराने वाहून जाई. त्याच उंचीवरून, नगराबाहेरून कालव्याने आणलेले पाणी चौपडींवरील कुंडांपर्यंत पोहोचे आणि नागरिक तेथून घागरी भरून नेत. पुण्यातील वाचकांना येथे नानासाहेब पेशव्यांच्या काळातील कात्रजचा नळ आणि पेठांतील हौद आठवल्याखेरीज राहणार नाहीत.

पुढे ही कुंडे बुजली आणि विस्मृतीत गेली. मेट्रोच्या भुयारी मार्गासाठी छोटी चौपड व बडी चौपड खणल्या गेल्या, तेव्हा त्यांचे अवशेष पुन्हा उजेडात आले. हा मार्ग सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाला. जयगडावर डोंगरउतारावरचे पाणी पाटांनी आणून साठविणारी प्रचंड टाकी आजही उभी आहेत; त्यांतील सर्वांत मोठ्या टाक्याची क्षमता साठ लाख गॅलन सांगितली जाते. (आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, याच गडावर दडविलेल्या खजिन्याचा शोध घेण्यात आला होता. हाती काही लागल्याचे जाहीर झाले नाही.)

विसाव्या शतकात नगराची तहान रामगड बांधावर सोपविली गेली. बाणगंगेवरील हा बांध १९०३ साली पूर्ण झाला आणि १९३१ पासून जयपूरला त्याचे पाणी मिळू लागले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयन याच जलाशयात झाले. त्यानंतर अवघ्या दोन दशकांत तो कोरडा पडला. त्याचा दोष केवळ पावसाला देणे योग्य होणार नाही. पाणलोट क्षेत्रात छोटे बंधारे आणि अतिक्रमणे वाढत गेली, ओढे वाटेतच अडले. २०११ साली राजस्थान उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. दरम्यान २००९ पासून टोंक जिल्ह्यातील, सुमारे १२० किलोमीटरवरील बिसलपूर धरणाचे पाणी नगरात येऊ लागले होते. ठेव संपली म्हणून दुसऱ्याच्या खात्यातून उचल करावी, तसाच हा व्यवहार. बनास नदीच्या खोऱ्यातील गावांचाही त्या पाण्यावर हक्क आहे.

आत येणाऱ्या पाण्याचा हिशेब निदान मांडला तरी जातो. बाहेर जाणाऱ्या पाण्याविषयी फारसे बोलले जात नाही. गटारवाहिन्या येण्यापूर्वी आपल्या जुन्या शहरांतील मैला माणसांच्या डोक्यावरून बाहेर जात असे. त्या अमानुष प्रथेला बंदी करणारा केंद्रीय कायदा १९९३ साली झाला आणि २०१३ साली तो अधिक कडक करावा लागला, यातच सारे आले.

चारदीवारीचे सांडपाणी १९६२ च्या सुमारास ब्रह्मपुरी व नागतलाई या नाल्यांद्वारे उत्तरेकडील मानसागरात वळविण्यात आले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुष्काळानंतर बांध घालून निर्माण केलेला, ज्याच्या मध्यभागी जलमहाल उभा आहे, तो हा तलाव. पाणी आटे, तळाशी गाळ साचे आणि दुर्गंधीमुळे काठावर उभे राहणे अशक्य होई. २००२ पासून केंद्राच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेखाली नागतलाई नाला ब्रह्मपुरी नाल्याकडे वळविला गेला, गाळ उपसला गेला, आणि शुद्धीकरण केंद्रातून आलेले पाणी पाणवनस्पतींच्या पट्ट्यांतून गाळून तलावात सोडण्याची सोय झाली. स्थलांतरित पक्षी परतले. जलमहालाचे छायाचित्र टिपणाऱ्यांची आता काठावर गर्दी असते. जलमहालाचे चार मजले तलाव भरला की पाण्याखाली असतात. कोरड्या महिन्यांत त्यांच्याभोवतीचे बरेचसे पाणी चारदीवारीतील घराघरांतून निघून ब्रह्मपुरीच्या केंद्रातून आलेले असते. केंद्राचे काम बिघडले की त्याचा वास सर्वप्रथम त्या काठावरच येतो.