दोर धरा, पण हळूच!

थंडी पडायला लागली की मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत एक विषय हमखास निघतो: यंदा मुलांना स्कीइंगला न्यायचं का? मग कुणीतरी खर्चाचा हिशेब सांगतं आणि विषय तिथेच थंड होतो. मोठ्या रिसॉर्टच्या खिडकीवर ऐन हंगामातलं एका दिवसाचं तिकीट आता काही ठिकाणी २०० डॉलरच्याही पुढे गेलंय. शिवाय बूट आणि स्कीचं भाडं, शिकवणीची फी, हॉटेल. एवढ्या पैशांत भारताचं एक तिकीट येतं, असं कुणीतरी म्हणतंच!

पण मंडळी, हा खेळ काही जन्मापासून श्रीमंतांचा नव्हता. न्यू इंग्लंडमध्ये एके काळी तो गावातल्या गावात, कुणाच्या तरी शेतातल्या टेकडीवर, दोन-चार डॉलरमध्ये चालायचा. ते शक्य झालं एका अगदी ओबडधोबड यंत्रामुळे, त्याचं नाव रोप टो. आम्ही १९८०च्या दशकात इथे आलो तेव्हा त्यातले बरेचसे बंद पडले होते, पण आमच्या गावात शाळेमागच्या टेकडीवर एक शिल्लक होता. आमचं सगळं घर त्यावर स्की शिकलं. आजच्या मुलांनी तो पाहिलेलाही नसतो, म्हणून हा लेख.

तर रोप टो म्हणजे काय? विहिरीवरचा रहाट आठवा. टेकडीच्या पायथ्याशी एक चाक, माथ्यावर एक चाक, आणि दोन्हींवरून फिरणारा एक जाडजूड दोर, ज्याची दोन टोकं एकमेकांत विणून जोडलेली. पायथ्याशी किंवा माथ्यावर एका लाकडी खोपट्यात इंजिन. दोराची एक बाजू बर्फालगत वर जाते, दुसरी बाजू खांबांवरच्या कप्प्यांवरून डोक्यावरून खाली येते. आपण वर जाणारा दोर हाताने पकडायचा, की पायातल्या स्की बर्फावरून घसरत आपल्याला घेऊन वर निघाल्या. खुर्ची नाही, पट्टा नाही, बसायला काही नाही. तुम्हाला कुणी उचलत नाही, उभ्या उभ्या ओढून नेतात!

अमेरिकेतला पहिला रोप टो जानेवारी १९३४मध्ये व्हरमाँटमधल्या वुडस्टॉक गावी क्लिंटन गिल्बर्ट यांच्या शेतातल्या कुरणाच्या टेकडीवर सुरू झाला. त्याआधी स्की करायची म्हणजे आधी टेकडी पायी चढायची आणि मग दोन मिनिटांत खाली यायचं. दिवसभरात पाच-सहा फेऱ्या झाल्या तरी डोक्यावरून पाणी. वुडस्टॉकमध्ये व्हाइट कपबोर्ड इन नावाची खानावळ चालवणारे बॉब आणि बेटी रॉइस यांच्याकडे न्यूयॉर्कहून आलेल्या पाहुण्यांनी या चढण्याबद्दल कुरकुर केली. कॅनडात क्वेबेकमधल्या शॉब्रिज गावी असा दोर लावल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यावरून त्यांनी फोर्डच्या मॉडेल टी गाडीचं इंजिन लावून आपला दोर फिरवला. आपल्याकडे डिझेल इंजिनाला पट्टा लावून कुणी पिठाची गिरणी चालवतं, कुणी उसाचं गुऱ्हाळ, तसलाच हा प्रकार. पुढे बनी बर्ट्राम या डार्टमथ कॉलेजच्या जुन्या स्की कप्तानाने तो ताब्यात घेतला आणि १९३६मध्ये जवळच दुसऱ्या टेकडीवर सुइसाइड सिक्स नावाची स्कीची जागा काढली. ती अजून चालू आहे, फक्त २०२२मध्ये तिचं नाव बदलून सस्काडेना सिक्स केलं. अबेनाकी लोकांच्या भाषेतल्या शब्दांवरून.

एक जुनी गाडी, थोडा दोर, काही चाकं आणि टेकडीचा मालक राजी. एवढ्या भांडवलावर गावोगाव स्कीच्या टेकड्या निघाल्या. शेतकऱ्याला हिवाळ्यात चार पैसे मिळायचे, आणि गावातल्या पोरांना शाळा सुटल्यावर उद्योग.

आता यातलं विज्ञान थोडं पाहू, कारण आमच्या घरातल्या इंजिनियर मंडळींची पहिली शंका तीच होती: आख्ख्या माणसाचं वजन हाताने कसं पेलणार? तसं पेलावं लागतच नाही. चढ १० अंशांचा असेल, तर वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकी ओढ लागते, त्यात बर्फाचं थोडं घर्षण. म्हणजे १५० पौंडांच्या माणसाला तीस-पस्तीस पौंड. बासमतीच्या वीस पौंडी पिशव्या दीड! हे काही फार नाही. खरी मेख दुसरीच आहे. दोर आधीच पळतो आहे आणि तुम्ही उभे आहात. तुम्ही तो एकदम घट्ट धरलात तर तुम्हाला एका क्षणात त्याच्या वेगाला आणण्यासाठी जो हिसका बसतो, तो त्या तीस पौंडांच्या कितीतरी पट असतो. खांदा तरी निखळतो, नाहीतर माणूस पुढे तोंडावर आपटतो.

म्हणून रोप टोचा पहिला मंत्र: दोर धरा, पण हळूच. आधी दोराशेजारच्या चाकोरीत दोन्ही स्की समांतर ठेवून उभं राहायचं. काठ्या बाहेरच्या हाताच्या मनगटाला अडकवायच्या. दोर हातमोज्यातून नुसता सरकू द्यायचा, मग मूठ हळूहळू आवळत न्यायची. कारचा क्लच सोडतो ना, अगदी तसं. शरीर चालायला लागलं की दुसरा हात पाठीमागे नेऊन कमरेजवळ दोर धरायचा, म्हणजे भार दोन्ही हातांवर विभागतो. गुडघे सैल ठेवायचे आणि मागे टेकून बसायचं नाही, कारण टेकायला काही नाहीच. पडलात तर दोर सोडून तत्काळ चाकोरीबाहेर लोळत जायचं, कारण मागून पुढची मंडळी येतच असतात आणि त्यांनाही ब्रेक नाही. माळेतले मणी एकावर एक यावेत तसे पाच-सहा जण एकमेकांवर कोसळताना आम्ही अनेकदा पाहिलेत.

पहिल्या दिवशी आम्ही सगळेच पडलो. दुसऱ्या दिवशी कणीक मळताना माझे हात उचलत नव्हते. खाली येताना पाय दुखतात हे सगळे सांगतात. वर जाताना हात आणि खांदे दुखतात, हे कुणी सांगितलं नव्हतं!

मुलांची गोष्ट आणखी वेगळी. दोराला स्वतःचंच वजन असतं. एक इंच जाडीचा मनिला दोर कोरडा असतानाही शंभर फुटांना पंचवीस पौंडांच्या वर भरतो, आणि भिजला की त्याहून जड. पुढे चार मोठी माणसं असतील तर तो हवेत उचललेला राहतो. ती वर पोचून सुटली की सगळा भार मागच्या छोट्यावर येतो. सहा वर्षांचं पोर तो दोर जमिनीवरून उचलूच शकत नाही. त्यावर गावाने काढलेला उपाय म्हणजे मोठ्या माणसाने लहानाला आपल्या दोन गुडघ्यांच्या मध्ये घेऊन वर न्यायचं. आमच्या मुलीला पहिल्यांदा असं वर नेलं ते रांगेत मागे उभ्या असलेल्या, आम्ही कधी न पाहिलेल्या एका आजोबांनी. न विचारता, सहज. त्या गावात राहायला येऊन तेव्हा आम्हाला दीड वर्ष झालं होतं आणि शेजारच्या दोन घरांपलीकडे कुणी नावाने ओळखत नव्हतं. त्या हिवाळ्यानंतर किराणा दुकानात लोक थांबून बोलायला लागले. इंजिन सांभाळणारी हायस्कूलची पोरं, कोकोची किटली घेऊन बसलेल्या पालक कमिटीच्या बायका, त्यांच्याकडून पोळीच्या सुरळीला मिळालेली दाद, हे सगळं त्या दोराभोवतीच झालं. खुर्चीच्या लिफ्टवर चार माणसं दहा मिनिटं शेजारी बसतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, असा माझा तरी अनुभव आहे.

पण नुसतं गोड आठवून चालणार नाही, कारण हे यंत्र धोक्याचं होतं आणि आहे. पीळ दिलेला दोर ताण आला की उलगडू पाहतो, म्हणजे पुढे सरकता सरकता तो स्वतःभोवतीही फिरतो. सैल स्कार्फ, जाकिटाची नाडी, मोकळे केस त्यात गुंडाळले गेले की सुटत नाहीत. पुण्याहून आलेल्या माझ्या आईने तो एकदाच पाहिला आणि लगेच म्हणाली, हा तर गिरणीचा पट्टा, वेणी आत घाल! तिने अगदी बरोबर ओळखलं होतं. यासाठीच माथ्यावर, जिथे उतरायचं त्याच्या थोडं पुढे, एक आडवी तार किंवा दांडी असते. कुणी अडकून तिथवर ओढला गेला की ती तार हलते आणि इंजिन बंद पडतं. ती तार जागेवर आहे आणि चालते आहे, हे विचारून मगच मुलांना दोराजवळ सोडावं. विचारण्यात संकोच नको.

मग हे सगळं गेलं कुठे? पहिला धक्का खुर्चीच्या लिफ्टचा. ती १९३६मध्ये आयडाहोतल्या सन व्हॅलीला सुरू झाली. युनियन पॅसिफिक रेल्वेचे इंजिनियर जेम्स करन यांना ती कल्पना केळीचे घड जहाजावर चढवणाऱ्या यंत्रावरून सुचली. जळगावकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही! पुढे हमरस्ते झाले, तसे लोक गावची टेकडी सोडून दोन तासांवरच्या मोठ्या डोंगरांकडे जाऊ लागले. मोठ्यांनी कृत्रिम बर्फ पाडायची यंत्रं घेतली, छोट्यांना ती परवडली नाहीत. १९७७मध्ये व्हरमाँटमध्ये जायबंदी झालेल्या एका नवशिक्याला ज्यूरीने १५ लाख डॉलरची भरपाई दिली. त्यानंतर विम्याचे हप्ते असे चढले की गावच्या क्लबांनी हात टेकले. त्यात हिवाळेही उबदार होत गेले. जेरेमी डेव्हिस यांनी १९९८मध्ये न्यू इंग्लंड लॉस्ट स्की एरियाज प्रोजेक्ट सुरू करून अशा बंद पडलेल्या जागांची नोंद करायला घेतली. ती यादी सहाशेच्या वर गेली आहे. जंगलात फिरायला जाता तेव्हा झाडीत एखादं गंजलेलं चाक किंवा गाडीचा सांगाडा दिसला तर तो यातलाच असू शकतो. नवशिक्यांसाठी आता सगळीकडे मॅजिक कार्पेट आलं आहे, म्हणजे विमानतळावर सामान फिरतं तसा सरकता पट्टा. सुरक्षित आहे, सोपं आहे, लहानग्यांना ते चांगलंच.

तरीही रोप टोवर पाय तयार होतात असं मला वाटतं, आणि याला पुरावा आहे. व्हरमाँटमधल्या रिचमंड गावी मिकी आणि जिनी कॉक्रन यांनी १९६१मध्ये आपल्या घरामागे रोप टो लावला, मुख्यतः आपल्या चार मुलांसाठी. चारही मुलं अमेरिकेच्या संघात गेली. त्यातल्या बार्बरा ॲनने १९७२च्या सापोरो ऑलिंपिकमध्ये स्लॅलमचं सुवर्णपदक मिळवलं, ०.०२ सेकंदाच्या फरकाने. तिचा मुलगा रायन २०२२मध्ये बीजिंगला सुपर-जी शर्यतीत रौप्यपदक मिळवून आला. त्याचं सुवर्ण ०.०४ सेकंदाने हुकलं. दोघंही त्याच टेकडीवर शिकलेले. मिनेसोटात बक हिल ही जेमतेम तीनशे फुटांची टेकडी. लिंडसी वॉन तिथेच प्रशिक्षक एरिक सेलर यांच्या हाताखाली तयार झाली. छोटी टेकडी आणि वेगवान दोर म्हणजे एका संध्याकाळी भरपूर फेऱ्या, हे त्यामागचं गणित.

न्यूझीलंडच्या क्लबांनी तर या दोराचा वेगळाच अवतार जपला आहे. क्रेगीबर्न किंवा ब्रोकन रिव्हरसारख्या जागी दोर इतका वेगाने आणि इतक्या उभ्या चढावर पळतो की हाताने धरणं शक्य नाही. कमरेला एक पट्टा, पट्ट्याला दोरी आणि दोरीला लोखंडी चिमटा. तो पळत्या दोरावर मिटायचा. त्या चिमट्याला ते नटक्रॅकर म्हणतात आणि दिसतोही तो थेट आपल्या अडकित्त्यासारखा! बोटांचीही सुपारी होऊ शकते, तेव्हा तिथे नवशिक्यांनी जपून.

जवळपास जायचं असेल तर व्हरमाँटच्या ईस्ट कोरिंथमधलं नॉर्थईस्ट स्लोप्स पाहा. १९३६पासूनची ही टेकडी स्वयंसेवक चालवतात. बीटलज्यूस सिनेमाचं गाव ते हेच. मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यम्सटाउनजवळ माउंट ग्रेलॉक स्की क्लब आहे, तो सभासदांनीच चालवलेला. कॉक्रन यांची टेकडी आता ना-नफा संस्था आहे. हे सगळं बर्फावर आणि स्वयंसेवकांच्या सवडीवर अवलंबून, त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून चालू आहे ना ते विचारा.

आणि हातमोजे! लोकरीचे चालणार नाहीत, ओला दोर ते एका दुपारी कुरतडून टाकतो. नवे महागडे स्कीचेही घालू नका. हार्डवेअरच्या दुकानात बांधकामावरच्या कामगारांचे चामड्याचे मोजे मिळतात, ते एक नंबर मोठे घ्या आणि आत पातळ लोकरीचे घाला. मुलांचे मोजे नाडीने बाहीला बांधलेले असतील तर नाडी आधी कापून टाका. केस टोपीत, स्कार्फ गाडीत. चहाचा थर्मास मात्र न विसरता घ्या, कारण अशा टेकड्यांवर कॅफेटेरिया असेलच याचा भरवसा नाही.