भांडण पेटलें असतां वादकानें काय करावें ?

गायनवादनाच्या बैठकीची आपली कल्पना शांततेची आहे. तंबोरे लागलेले असतात, रसिक मांडी घालून बसलेले असतात, आणि एखादा उशिरां आलेला गृहस्थहि पायांचा आवाज न करतां दाराशींच टेकतो. परंतु जगांतील वादकांपैकीं फार मोठ्या वर्गाच्या नशिबीं असा श्रोता नसतो. त्यांची भाकरी मद्यगृहांत, नृत्यगृहांत, बंदरावरच्या गुत्त्यांत असते. तेथें लोक मुख्यतः पिण्यासाठीं आणि नाचण्यासाठीं येतात. वाद्यें हीं त्याला केवळ सोबत. मद्य, गर्दी आणि उत्तररात्र हीं तीन जेथें एकत्र येतात, तेथें भांडणाला आमंत्रण लागत नाहीं. अशा प्रसंगीं चबुतऱ्यावर उभ्या असलेल्या वादकानें काय करावें, हा आजचा विषय आहे.

हा विषय आपल्याला अगदींच परका आहे असेंहि नाहीं. १९३५ सालीं लिऑन अ‍ॅबी हे अमेरिकन कृष्णवर्णीय वादक आपला जाझचा ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आले, आणि पुढील वर्षांत अनेक गोमंतकीय वादकांनीं तें संगीत आत्मसात् केलें. चिक् चॉकलेट या नांवानें गाजलेले अँतोनियो झेवियर वाझ हे तर हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणूनच ओळखले जात. ताजसारख्या ठिकाणीं दारावर शिस्त होती. पण ज्या आर्मस्ट्राँग यांच्याशीं त्यांची तुलना होई, ते स्वतः कोणत्या शाळेंत तयार झाले हें पाहण्यासारखें आहे.

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १९०१ सालीं न्यू ऑर्लिन्स शहरांत झाला. १९५४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत त्यांनीं पहिल्या उमेदवारींतील एका जागेची हकीकत दिली आहे. मिसिसिपी नदीच्या पैलतीरावर ग्रेट्ना नांवाचें गांव आहे. तेथें ब्रिक हाउस नांवाचा एक गुत्ता होता. नदीच्या बांधावर खपणारे मजूर शनिवारीं रात्रीं तेथें येत, पीत, नाचत आणि एकमेकांवर तुटून पडत. बाटल्या वादकांच्या अंगावरून भिरभिरत जात, सुरे निघत, प्रसंगीं गोळ्याहि सुटत. अशा ठिकाणीं हा तरुण रात्रभर कॉर्नेट वाजवी. जाझचा इतिहास लिहितांना आपण रागदारीसारखी त्याची घराणीं सांगतों. पण त्या संगीताचा पुष्कळसा भाग अशा खोल्यांत घडला, हेंहि सांगितलें पाहिजे.

अशा खोलींत वादकाची स्थिति इतरांहून निराळी असते. भांडण लागतांच गिऱ्हाईक उठून जाऊं शकतें. वादकाच्या पाठीशीं भिंत, समोर गर्दी, आणि बाहेर पडण्याचें दार बहुधा गर्दीच्या पलीकडे असतें. हातांतील वाद्य हेंच त्याचें सारें भांडवल. तें मोडलें तर उद्यांची मजुरीहि गेली. आणि आजची मजुरी रात्र संपल्यावर मिळावयाची असते. कार्यक्रम मध्येंच मोडला तर मालक हात आखडण्याचा संभव असतो. म्हणजे जीव, वाद्य आणि पोट या तिन्ही गोष्टी एकाच वेळीं पणाला लागतात. या तिहींतील अग्रक्रम आधींच ठरलेला नसला, तर ऐन वेळीं मनुष्य कसा चुकतो याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे.

१९४९ च्या हिवाळ्यांत आर्कान्सा राज्यांतील ट्विस्ट नांवाच्या खेड्यांत नाच चालू होता. गाणारे होते बी. बी. किंग. त्या वेळीं ते २४ वर्षांचे होते. मेंफिस शहरांतील डब्ल्यू. डी. आय. ए. या नभोवाणी केंद्रावर काम करीत, आणि रात्रीं आसपासच्या गांवीं जाऊन ब्ल्यूज गात. ब्ल्यूज ही अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या कष्टांतून आणि विरहांतून जन्मलेली गायनपद्धति होय. थंडी कडाक्याची होती. खोली ऊबदार राहावी म्हणून मधोमध एका पिंपांत रॉकेल घालून तें पेटविलेलें होतें, आणि लोक त्याच्या भोंवतीं नाचत होते. तेवढ्यांत दोन पुरुषांची जुंपली. त्यांच्या झटापटींत पिंप कलंडलें आणि जळतें रॉकेल जमिनीवर पसरलें. सर्वजण दाराकडे धांवले. किंगहि बाहेर पडले. बाहेर आल्यावर त्यांच्या ध्यानांत आलें कीं गिटार आंतच राहिली. तिची किंमत सुमारें ३० डॉलर होती. पण तेवढी रक्कम पुन्हा जमविणें त्या काळीं त्यांना सोपें नव्हतें. ते जळत्या घरांत परत शिरले आणि इमारत कोसळूं लागली असतां गिटार घेऊन कसेबसे बाहेर आले. त्या आगींत दोन माणसें मेलीं. दुसऱ्या दिवशीं कळलें कीं, भांडण तेथें काम करणाऱ्या ल्युसिल नांवाच्या स्त्रीवरून होतें. किंग यांनीं गिटारीचें नांव ल्युसिल ठेविलें, आणि पुढें वापरलेल्या आपल्या गिटारींनाहि तेंच नांव दिलें. असा वेडेपणा पुन्हा करूं नये याची आठवण राहावी म्हणून हें नांव ठेविलें, असें ते सांगत. २०१५ मध्यें ते वारले तोंपर्यंत ती आठवण त्यांच्या हातांत होती.

या हकीकतींत भांडणाचा वाटा किती आणि व्यवस्थेचा किती, हें वेगळें करून पाहिलें पाहिजे. दोन माणसें ठोसाठोशी करतात तेव्हां फार तर दोन नाकें फुटतात. माणसें मेलीं तीं नाचाच्या जागेच्या मधोमध उघडा विस्तव ठेविल्यामुळें. म्हणून अनुभवी वादक मद्यगृहांत पाऊल टाकतांच, वाद्य जुळविण्याच्याहि आधीं, खोली पाहतो. दारें किती आहेत, मागचें दार उघडतें कीं त्याला कुलूप आहे, वाद्याची पेटी कोठें ठेवावी म्हणजे वाट अडणार नाहीं, विजेच्या तारा पायांत येतात काय, हें तो हेरून ठेवितो. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील कांहीं गुत्त्यांत तर चबुतऱ्यासमोर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोकलेली असे, म्हणजे बाटली फेंकली तरी ती वादकाच्या कपाळावर न बसतां जाळीवर फुटावी. १९८० च्या ‘ब्ल्यूज ब्रदर्स’ या विनोदी चित्रपटांत अशी जाळी दाखविली आहे. प्रेक्षक हंसतात, पण तिच्या मागें उभें राहून गाणाऱ्याला तींत विनोद वाटण्याचें कारण नाहीं.

खोलीनंतर माणसें. वादक उंचावर असतो आणि त्याचें तोंड सर्वांकडे असतें. म्हणून भांडण कोठें शिजत आहे हें पुष्कळदां त्यालाच प्रथम दिसतें. नाचतांना खांद्याला खांदा लागतो, पेला सांडतो, दोघे छाती काढून उभे राहतात आणि आसपासचे लोक मागें सरून जागा करतात. असें रिकामें वर्तुळ दिसलें कीं वादकानें ओळखावें. गायक शब्दांत गुंतलेला असतो, म्हणून ही नजर ठेवण्याचें काम बहुधा तालवादकाकडे द्यावें. त्यानें ठरलेली खूण करतांच सर्वांनीं सावध व्हावें.

आतां मुख्य प्रश्न : वाजविणें थांबवावें कीं चालूं ठेवावें ? जुन्या मुरलेल्या वादकांची रीत वाजवीत राहण्याची आहे, आणि तिला चांगलें कारण आहे. एकाएकीं वाद्यें बंद पडलीं कीं खोलींतील प्रत्येक मान वळते. ज्यांना भांडणाची वार्ताहि नव्हती तेहि उठून पाहूं लागतात. भांडणाऱ्याला प्रेक्षक मिळाला कीं माघार घेणें त्याला कमीपणाचें वाटतें. उलट सूर चालूं राहिला तर उरलेले लोक आपापल्या ठिकाणीं राहतात, आणि मालकाच्या माणसांना त्या दोघांना गांठून दाराबाहेर काढण्यास अवधि मिळतो. चालूं असलेली चीज लांबवावी, लय हळूहळू उतरवावी, आवाज थोडा कमी करावा. मात्र एकदम रडकें गाणें सुरूं करूं नये. त्यानेंहि कांहीं बिघडलें आहे हें सर्वांना कळतें.

वाद्यवृंदाचा सूर ही सूचनाहि असूं शकते. अमेरिकेंतील सर्कशींत सूझा यांचें एक सुप्रसिद्ध संचलनगीत एरवीं वाजवीत नसत. संकट आलें तरच तें वाजवावयाचें, म्हणजे प्रेक्षकांना भय न घालतां नोकरांना इशारा मिळे. ६ जुलै १९४४ रोजीं हार्टफर्ड येथें सर्कशीच्या तंबूला आग लागली तेव्हां बँडचे प्रमुख मर्ल एव्हन्स यांनीं तेंच गीत वाजविण्यास सांगितलें. त्या आगींत दीडशेंहून अधिक माणसें मेलीं. इशाऱ्यानें आग विझत नाहीं. पण इशारा ठरलेला होता म्हणून नोकरांना तो तत्काळ समजला. मद्यगृहांतील वादकांनींहि मालकाशीं अशी एखादी खूण आधीं ठरवून ठेवणें शहाणपणाचें आहे.

काय करूं नये हेंहि तितकेंच महत्त्वाचें आहे. वादकानें चबुतऱ्यावरून खालीं उतरून मध्यस्थी करूं नये. खालीं उतरतांच तो तिसरा भांडखोर होतो. ध्वनिक्षेपकावरून कोणाची बाजू घेऊं नये, थट्टा करूं नये, नांव घेऊन दटावूं नये. वाद्य शस्त्रासारखें उगारूं नये. तथापि वाजवीत राहण्यालाहि मर्यादा आहे. शस्त्र दिसलें, विस्तव दिसला, कोणी पायांखालीं सांपडला, किंवा भांडण चबुतऱ्याला येऊन भिडलें, कीं सूर बंद करावा, दिवे लावण्यास सांगावें, विजेच्या वाद्यांचा प्रवाह तोडावा, आणि एकानेंच शांत आवाजांत बाहेर जाण्याचा मार्ग सांगावा. मग वाद्य हातांत असेल तर घेऊन निघावें. नसेल तर मागें वळूं नये.

येथवर वादकाचें कर्तव्य झालें. पण शांतता राखण्याचें मूळ काम त्याचें नाहीं, आणि तें काम कोणावर सोंपविलें आहे यावर सर्व कांहीं अवलंबून असतें. ऑगस्ट १९६० मध्यें लिव्हरपूलचे पांच तरुण जर्मनींतील हँबुर्ग बंदरांत वाजविण्यास गेले. हेच पुढें जगप्रसिद्ध झालेले बीटल्स. प्रथम इंद्रा आणि नंतर कायझरकेलर या मद्यगृहांत ते रोज कित्येक तास वाजवीत. समोर नाना देशांचे खलाशी असत आणि मारामारी ही तेथील नित्याची बाब होती. तेथील वाढपी धट्टेकट्टे असून दंडुके बाळगीत. हॉर्स्ट फाशर नांवाचे मुष्टियोद्धे दारावर असत आणि त्यांनीं या पोरांना आपल्या पंखाखालीं घेतलें होतें. वादक सुरक्षित राहिले, पण दंगेखोर गिऱ्हाइकाला मिळणारा चोप कांहीं सौम्य नसे. म्हणजे तेथें धाकानें धाक दाबला जात होता.

राखणदारच बेताल झाला तर काय होतें, हें ६ डिसेंबर १९६९ रोजीं कॅलिफोर्नियांतील आल्टमाँट येथें दिसलें. ही जागा मद्यगृह नव्हे. मोटारशर्यतींचें मैदान होतें, आणि जमाव सुमारें ३ लाखांचा होता. परंतु धडा तोच आहे. चबुतरा बुटका होता, आणि त्याच्या राखणीसाठीं मोटारसायकलवाल्यांच्या एका टोळीला बोलावून मोबदला म्हणून ५०० डॉलरची बीअर दिली होती. राखणदारांनीं स्वतःच मारहाण सुरूं केली. मार्टी बालिन हे गायक त्यांना अडवावयास गेले आणि मार खाऊन बेशुद्ध पडले. रात्रीं रोलिंग स्टोन्स वाजवीत असतां चबुतऱ्यासमोरच एका १८ वर्षांच्या तरुणाचा सुऱ्यानें बळी गेला. गायक मिक जॅगर यांनीं वारंवार विनवण्या केल्या; आपण थांबलों तर मोठा दंगा होईल या भीतीनें त्यांनीं कार्यक्रम शेवटास नेला. त्यांचा तर्क चुकला असें म्हणवत नाहीं. पण सुराची शक्ति कोठें संपते हें तेथें कळलें. चार-दोन भांडखोरांना सूर झांकूं शकतो. ज्याच्यावर पहारा सोंपविला त्याचाच हात सुटला तर तो कांहीं करूं शकत नाहीं.

तेव्हां बंदोबस्ताची जबाबदारी मालकाची आहे, ही गोष्ट करारांतच आली पाहिजे. दारावर न पिणारीं व शिकविलेलीं माणसें, झिंगलेल्याला आणखी पेला न देण्याचा नियम, मोकळें मागचें दार, आणि दंग्यामुळें कार्यक्रम मोडला तरी पूर्ण मजुरी, एवढ्या अटी तरी असाव्यात. एकटा वादक त्या मागूं धजत नाहीं. त्याच्या जागीं वाजविणारा दुसरा दाराशीं उभाच असतो. म्हणूनच इंग्लंडांत १८९३ मध्यें आणि अमेरिकेंत १८९६ मध्यें वादकांनीं आपले संघ स्थापन केले. जें एकट्यानें मागितल्यास उद्धटपणा ठरतो, तेंच संघानें मागितलें कीं धंद्याचा नियम होतो.

आपण घरीं स्वस्थ बसून ध्वनिमुद्रिका ऐकतों तेव्हां त्यांतील तरतरी आपल्याला आनंद देते. ती तरतरी कमावतांना त्या वादकाचा एक डोळा वाद्यावर आणि दुसरा दारावर असे. पुढें कधीं एखाद्या हॉटेलांत वादक वाजवीत असतील आणि शेजारच्या टेबलावर आवाज चढूं लागला, तर उठून गर्दी करूं नये. व्यवस्थापकाला बोलवावें आणि आपण जागेवर बसून ऐकत राहावें. वर उभा असलेल्या मनुष्याला त्या क्षणीं याहून मोठी मदत कोणी करूं शकत नाहीं.