अर्भकाचें हृदय आणि रक्ताची साक्ष

मूल जन्मलें कीं त्याचा पहिला टाहो ऐकण्यासाठीं सारें घर कान देऊन बसतें. परंतु कांहीं अर्भकें रडत नाहींत. नाळ दाबली जाणें, वार वेळेपूर्वीं सुटणें, प्रसूति अडणें अशा कारणांनीं त्यांचा प्राणवायु तुटलेला असतो. अशा वेळीं शरीर मोठ्या काटकसरीनें वागतें. कातडी, आंतडीं व मूत्रपिंडें यांचें रक्त कमी करून तें मेंदू आणि हृदय यांकडे वळवितें. ही कोंडी लांबली म्हणजे मात्र हृदयाच्या स्नायूलाही इजा पोंचते. मूल पुढें श्वास घेऊं लागलें, तरी दुबळें हृदय पुरेसें रक्त पोंचवूं शकत नाहीं; आणि आधींच दुखावलेल्या मेंदूवर दुसरा घाव बसतो. म्हणून ही इजा लवकर ओळखणें अगत्याचें आहे.

आपल्या हृदयाची व्यथा अर्भक कशी सांगणार? त्याच्या वतीनें रक्त साक्ष देतें. स्नायूची पेशी फुटली म्हणजे तिच्यांतील द्रव्यें रक्तांत उतरतात. 'क्रिएटिन कायनेज एमबी' हें त्यांपैकीं एक. पण तें हातापायांच्या स्नायूंतही असतें, व प्रसूतींत अंग दाबलें गेल्यानें निरोगी अर्भकाच्या रक्तांतही वाढलेलें आढळतें. या साक्षीदारावर सर्वस्वीं विसंबतां येत नाहीं. 'ट्रोपोनिन' हें प्रथिन अधिक विश्वासाचें. जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें १९६५ च्या सुमारास उजेडांत आणलें. कॅल्शियमचा इशारा घेऊन स्नायूचें आकुंचन चालू करणें हें त्याचें काम. त्याचे 'टी' आणि 'आय' हे भाग हृदयांत वेगळ्या घडणीचे असतात. ते रक्तांत वाढलेले दिसले कीं इजा हृदयाची, असें बहुधा समजतां येतें.

तथापि निरोगी नवजाताच्या रक्तांतही 'ट्रोपोनिन टी' प्रौढांहून अधिक असतें. प्रौढाचें माप त्याला लावलें, तर धडधाकट मूलही रोगी ठरेल. म्हणून जाणते डॉक्टर एकाच आंकड्यावर निकाल देत नाहींत. रक्त पुन्हां तपासतात, रक्तदाब पाहतात आणि ध्वनिलहरींच्या साह्यानें हृदयाचें चलन निरखतात. हृदय दुखावलें आहे हें कळलें, म्हणजे शिरेंतून द्यावयाचें पाणी बेतानें देतां येतें आणि हृदयाला बळ देणारीं औषधें वेळेवर योजतां येतात.

रक्ताची साक्ष घाव झाल्यानंतरची असते. तो टाळण्याचा उपाय तिच्या हातीं नाहीं. न रडणाऱ्या अर्भकास पहिल्याच मिनिटांत पिशवी व मुखवटा लावून श्वास देणारा प्रशिक्षित हात प्रसूतीच्या ठिकाणीं हजर असणें, हेंच त्याच्या हृदयाचें पहिलें रक्षण होय.