जुनी विंचेस्टर विकायला येते

सकाळी ८.३०
अमेरिकेतलं मोंटाना. हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलाय. परवानाधारक बंदूक-दुकानात एका म्हाताऱ्या पशुपालकाने आपली ३०-३० विंचेस्टर ९४ रायफल विकायला आणलीय. काउंटरवरची बाई आधी लीव्हर ओढते. चेंबर बोटाने चाचपते. काडतूस नाही. मग वही उघडते: कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक, कोणाकडून आली.

९.१५
अनुक्रमांक १९६४ च्या आधीचा निघतो. त्या वर्षी कंपनीने खर्च वाचवायला घडण बदलली, म्हणून आधीच्या बंदुकांना भाव जास्त. नळीतून तेलाची चिंधी दोनदा फिरते. बाहेरचा निळसर रंग उडालाय, तिथे ती हात लावत नाही. घासून चकाकवली की किंमत उतरते.

१०.३०
खिडकीशी करडी चादर. फोटो काढणं सुरू: नळीचं तोंड, कंपनीचा ठसा, स्क्रूच्या खाचा, दस्त्यावरचा लांब ओरखडा.
“तो कशाला दाखवता?”
“आत्ता दाखवला तर बोली जरा कमी येईल. नंतर दिसला तर बंदूक परत येईल.”

१२.००
गनब्रोकर या बंदुकांच्या लिलावाच्या साइटवर ती फक्त झालेले सौदे बघते. मागितलेल्या किमतींवर विसंबत नाही. अंदाज आठशे डॉलर. दुकानाचं कमिशन १५ टक्के, म्हणजे १२० डॉलर. त्यातूनच साइटचा वाटा जाणार. म्हातारा मान डोलावतो.

दुपारी २.००
मागच्या लिलावातली शॉटगन. पैसे जमा झालेत. गिऱ्हाईक टेक्सासचं, पण बंदूक त्याच्या घरी जात नाही, त्याच्या गावच्या परवानाधारक दुकानात जाते. त्या दुकानाच्या परवान्याची प्रत आलीय. बाई तो क्रमांक एटीएफ या बंदूक-परवाने देणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळते. गिऱ्हाईक त्या दुकानात ४४७३ क्रमांकाचा खरेदीचा फॉर्म भरेल, पूर्वेतिहासाची तपासणी होईल, हस्तांतराचे पैसे वेगळे देईल.

३.३०
शॉटगनची नळी सुटी करायची, फोममध्ये गुंडाळायची. खोक्याच्या दोन्ही टोकांना पुठ्ठ्याचा दुहेरी थर, कारण नळी आतून टोचून बाहेर येते. विमा, सही घेऊनच ताबा. आत काय आहे ते खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही. या कामाला पाऊण तास जातो. तिला तासाला १८ डॉलर मिळतात.

५.३०
शटर ओढण्याआधी पुन्हा वही. शॉटगनच्या ओळीत तारीख, घेणाऱ्या दुकानाचं नाव, परवाना क्रमांक. कायद्याने सात दिवसांची मुदत आहे. ती त्याच दिवशी लिहून मोकळी होते. एटीएफचा तपासनीस न सांगता येऊ शकतो, आणि वहीत शिल्लक दिसणारी बंदूक कपाटात सापडली नाही तर मालकाचा परवाना पणाला लागतो.