गप्पीची पिल्लं गेली कुठे?

डासांच्या अळ्या खाणारा गप्पी मासा तुम्हाला ठाऊक आहेच. भाईंदरला आमच्या बचत गटाने विक्रीसाठी काचेच्या टाकीत गप्पी पाळले. एका सकाळी पिल्लं मोजली, तर कमी भरली. टाकी सांभाळणाऱ्या ताईवर आम्ही संशय घेतला.

मग माहिती काढली. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. पण मोठे मासे तीच पिल्लं गिळतात. मेलेला मासाही बाकीचे खाऊन टाकतात, मागे काही उरत नाही. टाकी उघडी असेल तर मासा उडी मारतो आणि टाकीमागे सुकलेला सापडतो.

म्हणून टाकीवर जाळी घाला, पाणवनस्पती ठेवा, पिल्लं लगेच वेगळी काढा.

ताईची आम्ही बैठकीत सगळ्यांसमोर माफी मागितली.